लोकरीचा पोहायचा पोशाख घालून बॅले? (दोन महायुद्धांच्या मधला नाच आणि त्याचे कपडे)

टाकेदोरे
मंडळी, मी शिवणकाम करते. त्यातही गेली वीसेक वर्षं नाचाच्या क्लासांचे कपडे जास्त. गेल्या महिन्यात लेकाकडे लंडनला होते, तेव्हा सुनेने व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियमचं पूर्व लंडनमधलं नवं कोठार दाखवायला नेलं. तिथे एक रंगभूमीचा पडदा टांगलाय. दहा मीटरच्या वर उंच, त्याहून थोडा रुंद. त्यावर दोन दणकट बायका हातात हात घालून समुद्रकाठी धावत सुटल्यात, केस मोकळे, कपड्यांचं भान नाही. मूळ चित्र पिकासोचं, ते जेमतेम फूटभर उंचीचं आहे म्हणे. त्यावरून दुसऱ्या एका चित्रकाराने हा अवाढव्य पडदा रंगवला आणि तो पिकासोला इतका आवडला की त्याने खाली स्वतःची सही ठोकली.

पडदा १९२४ च्या 'ल त्रँ ब्ल्य' (म्हणजे निळी आगगाडी) नावाच्या बॅलेचा. घरी येऊन शोधलं तर कळलं की त्या बॅलेतले कपडे कोको शनेलचे होते. पोहायचे पोशाख, विणलेले, लोकरी! मला बॅले म्हणजे पांढरी जाळी, कमरेभोवती छत्रीसारखा घागरा एवढंच ठाऊक. विणलेला कपडा नाचताना ताणतो, घसरतो, लोंबतो, हे मी रोज बघते. मग यात उड्या कशा मारल्या असतील? बाईला उचलायचं कसं?

म्हणून प्रश्न: त्या काळात (पहिलं महायुद्ध संपल्यापासून दुसरं सुरू होईपर्यंत) कपडे बदलले म्हणून नाच बदलला, की नाच बदलला म्हणून कपडे बदलावे लागले? जाणकारांनी लिहा. मी फक्त मापं घेणारी बाई आहे.

निवांत_पुणेकर
शीर्षक घाईत 'बॅलट' असं वाचलं आणि निवडणुकीचा धागा समजून भांडायच्या तयारीने आलो होतो. आता आलोच आहे तर बसतो.

अनुस्वार
बसा. पण 'बॅलेट' म्हणू नका, 'बॅले'. शेवटचा ट गिळायचा.

निवांत_पुणेकर
गिळला.

मेघना_बोस्टन
ताई, प्रश्न झकास आहे. मी चाळिशीत बॅलेच्या मोठ्यांच्या वर्गाला जायला लागले, त्यामुळे नाचण्याबद्दल कमी आणि पडण्याबद्दल जास्त सांगू शकेन.

'ल त्रँ ब्ल्य' २० जून १९२४ ला पॅरिसच्या शाँझेलिझे थिएटरात झाला. मंडळी सर्गेई दियागिलेव्हच्या 'बॅले रूस'ची. नाव रशियन, पण १९१७ च्या क्रांतीनंतर हे लोक रशियात परत गेलेच नाहीत. नाच बसवला ब्रॉनिस्लावा निजिन्स्काने (प्रसिद्ध निजिन्स्कीची बहीण), कथा कॉक्तोची, संगीत मियोचं. कथा म्हणजे काय, तर फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर सुट्टी घालवणारी शौकीन मंडळी. एक टेनिसवाली, एक गोल्फवाला, एक पोहणारा पठ्ठ्या, एक पोहणारी. टेनिसवाली स्वतः निजिन्स्का, आणि ते पात्र बेतलं होतं त्या काळी विम्बल्डन गाजवणाऱ्या सुझान लाँग्लांवर. डोक्याची पट्टीसुद्धा तशीच.

शनेलने नाटकी कपडे केलेच नाहीत. तिच्या दुकानात जे गिऱ्हाईक घालत होतं, साधारण तेच रंगमंचावर आणलं. जर्सी, पुलोव्हर, विणलेले पोहायचे पोशाख. लिडिया सोकोलोव्हाचा गुलाबी पोशाख अजून त्या म्युझियमकडे आहे. तुमची शंका बरोबर आहे. विणीचा सैल कपडा, त्यामुळे जोडीदाराला धड पकड मिळेना. म्हणजे दिसायला मोकळा, वापरायला अवघड. कानात मोठाले नकली मोती होते ते निराळेच.

आगगाडी_वेडा
निळी गाडी खरी होती! कॅलेहून भूमध्य समुद्राकाठी जाणारी रात्रीची गाडी, १९२२ च्या अखेरीस निळ्या-सोनेरी डब्यांची झाली. फक्त पहिला वर्ग. बॅलेत गाडी कुठल्या प्रवेशात येते?

मेघना_बोस्टन
येतच नाही. दियागिलेव्हने कार्यक्रमपत्रिकेतच सांगून टाकलं होतं की यात निळी गाडी नाही.

आगगाडी_वेडा
मग माझं काम संपलं. जय महाराष्ट्र.

पिटातला_प्रेक्षक
टाकेदोरेताई, मला यात गंमत वेगळीच दिसते. त्याच दशकात आपल्याकडे बालगंधर्व शालू-पैठण्या नेसून उभे राहायचे आणि दुसऱ्या दिवशी घराघरांतल्या बायका तसा पदर, तसा अंबाडा, तशी नथ करून बघायच्या. रंगमंचावरून फॅशन रस्त्यावर. शनेलबाईंनी उलट केलं. रस्त्यावरची फॅशन उचलून रंगमंचावर नेली.

टाकेदोरे
काका, वाक्य पाठ करून ठेवते. पण बालगंधर्वांना कोणी उचलून डोक्यावर फिरवत नव्हतं. माझा प्रश्न पकडीचा आहे.

पिटातला_प्रेक्षक
प्रेक्षक फिरवत होते की डोक्यावर!

फडताळ
उशिरा आलो. शनेलपासून सुरुवात केलीत, पण त्याआधी तीन वर्षं जे झालं ते माहीत नसेल तर पोहायचा पोशाख कुठून आला ते कळणार नाही.

१९२१. दियागिलेव्हच्या डोक्यात आलं की लंडनला खराखुरा जुना पीटर्सबर्गी बॅले दाखवायचा. चायकोव्हस्कीचा, पेटिपाने १८९० मध्ये बसवलेला, संध्याकाळभराचा. नाव ठेवलं 'द स्लीपिंग प्रिन्सेस'. २ नोव्हेंबरला लेस्टर स्क्वेअरच्या आलांब्रा थिएटरात पडदा उघडला. नेपथ्य आणि कपडे लेओन बाक्स्टचे. शेकडो पोशाख. मखमल, साटन, कलाबूत, पिसं, टोप, लांब झगे, दरबाराच्या दरबार उभे. १८९० मध्ये राजकुमारी झालेली कार्लोता ब्रियान्झा आता दुष्ट परी कॅराबॉस म्हणून समोर आली. (तीस वर्षांनी नायिकेची खलनायिका. हिंदी सिनेमावाल्यांनी शिकावं.) पहिल्या रात्री जंगल उगवण्याची यंत्रं ऐनवेळी रुसली.

खेळ सहा महिने चालेल असा हिशोब होता. १०५ प्रयोगांनी, फेब्रुवारी १९२२ मध्ये बंद पडला. आज १०५ म्हटलं की भरपूर वाटतात, पण एवढा खर्च भरून निघायला पुरले नाहीत. ज्याने पैसे लावले होते त्या ऑस्वाल्ड स्टॉलने नेपथ्य आणि कपडे अडकवून ठेवले. दियागिलेव्ह हात हलवत पॅरिसला. तिथे मे १९२२ मध्ये त्याच बॅलेचा शेवटचा भाग 'ऑरोराचं लग्न' म्हणून दाखवायची वेळ आली तेव्हा अंगावर घालायला कपडे कुठले? तर १९०९ च्या एका जुन्या बॅलेचे बन्वाने केलेले पोशाख पेटाऱ्यातून काढले, गोंचारोव्हाकडून काही नवे करून घेतले, आणि लावलं लग्न.

आता ताईंच्या प्रश्नाला माझं उत्तर: कपडे ना नाचामुळे बदलले, ना नाच कपड्यांमुळे. पैसे संपले म्हणून बदलले. झारचा खजिना असता तर दियागिलेव्हने लोकरीच्या पोहायच्या पोशाखाकडे ढुंकूनही पाहिलं नसतं.

रुपया_आणा_पै
फडताळ, याच खेळात एक प्रेक्षक रोज रात्री येऊन बसायचा. जॉन मेनार्ड केन्स. हो, तोच. भारताच्या चलनव्यवस्थेवर १९१३ मध्ये पुस्तक लिहिणारा, त्याआधी लंडनच्या इंडिया ऑफिसात नोकरी केलेला. लिडिया लोपोकोव्हा त्यात नाचत होती. थिएटर ओस पडत चाललेलं, हा मात्र खुर्चीला चिकटलेला. १९२५ मध्ये लग्न. म्हणजे त्या दिवाळखोर बॅलेतून कोणाचा तरी फायदा झालाच.

निवांत_पुणेकर
मागणी वाढवणारा अर्थतज्ज्ञ स्वतः रोज तिकीट काढत होता. तत्त्वाला जागला.

चिन्मयी_कथक
फडताळकाका, 'पैसे संपले म्हणून' हे अर्धंच खरं. मला तुम्ही 'ले नोस'बद्दल काही न बोलता पुढे गेलात याचा राग आलाय.

'ले नोस' म्हणजे लग्न. स्ट्राविन्स्कीचं संगीत, चार पियानो, गाणारे, ढोल-झांजा. १३ जून १९२३, पॅरिसचं गेते लिरिक थिएटर. रशियन खेड्यातलं लग्न. नतालिया गोंचारोव्हाने आधी जे कपडे योजले होते ते अपेक्षेप्रमाणे रंगीबेरंगी, भरतकामाचे, जत्रेसारखे. निजिन्स्काने ते नाकारले. तिचं म्हणणं होतं की हे लग्न आनंदाचं नाही, कोवळ्या मुलीला घरातून उपटून दुसऱ्या घरात रोवतात. शेवटी काय राहिलं? तपकिरी आणि पांढरा. बायकांना पांढऱ्या ब्लाउजवर तपकिरी झगा, पुरुषांना पांढरा सदरा, तपकिरी विजार. सगळ्यांना तेच. नवरीलाही.

आणि मग बघा काय झालं. दागिना नाही, रंग नाही, म्हणून नजर जाते ती शरीरांच्या रचनेकडे. डोक्यावर डोकं ठेवून मुलींचा मनोरा. नवरीच्या लांबच लांब वेण्या मैत्रिणी दोराप्रमाणे हातात धरतात. पायाच्या टोकावर उभं राहणं इथे परीसारखं तरंगणं नाही, जमिनीत खुंटी ठोकल्यासारखं आहे. भरजरी कपड्यात हे दिसलंच नसतं.

इथे पैशाचा प्रश्न नव्हता. नाच बसवणारी बाई कपड्याला नाही म्हणाली. त्यामुळे ताई, माझं मत: नाच बदलला म्हणून कपडे.

पिटातला_प्रेक्षक
"घरातून उपटून दुसऱ्या घरात." मुलगी उंबरा ओलांडताना सनई कशी रडते ते ज्याने ऐकलंय त्याला निजिन्स्का कळेल. बाकी गप्प बसतो.

फडताळ
चिन्मयी, मान्य. 'ले नोस' विसरलो हा गुन्हाच. शब्द मागे घेतो, अर्धे.

गण्या_डोंबिवली
एक बाळबोध शंका. त्या बुटात पुढे लाकूड असतं ना? नाहीतर माणूस अंगठ्यावर उभा कसा राहील? माझ्या मामेबहिणीने शपथेवर सांगितलंय.

मेघना_बोस्टन
गण्या, लाकूड नसतं. तागाचं जाडंभरडं कापड आणि कागद, थरावर थर, मध्ये खळ. आपण पतंगाला किंवा पुस्तकाला लावायचो तशीच जात. ती वाळली की पुढचं टोक कडक होतं. आतून तळव्याला एक ताठ पट्टी. वरून साटन. घाम लागला की खळ भिजते आणि बूट मेला. म्हणून व्यावसायिक नाचणारीला एकेका प्रयोगाला नवा जोड लागू शकतो. लंडनमधलं फ्रीडचं बुटांचं दुकान १९२९ मध्ये कॉव्हेंट गार्डनच्या एका तळघरात सुरू झालं, या धाग्याच्या काळातलंच.

अवांतर: त्या काळची प्रसिद्ध रशियन बॅलेरिना आना पाव्हलोव्हा, तिचे पाय फार बाकदार होते, टोकावर तोल जायचा. म्हणून ती बुटाच्या तळाला कडक चामडं घालून तो भक्कम करायची, उभं राहायची जागा रुंद करायची. आणि फोटोत मात्र रंगाने घासून टोक निमुळतं करून घ्यायची! आजकालच्या मुली फोनवर करतात ते तिने ब्रशने केलं.

गण्या_डोंबिवली
मामेबहिणीला लिंक पाठवली. तिने मला ब्लॉक केलं.

टाकेदोरे
खळ! बघा, शेवटी आमच्याच धंद्यात आलात. आणि पायमोजे? तेव्हा ताणणारं सूत नव्हतं, नायलॉन नव्हतं. गुडघ्याशी चुण्या पडत असणार.

मेघना_बोस्टन
पडायच्याच. रेशमी किंवा सुती मोजे. नायलॉन बाजारात येईतो दुसरं महायुद्ध उजाडलं. मोजा वर ओढून कमरेशी कापडात एक नाणं धरायचं आणि पिळा देऊन आवळायचं, ही त्यांची जुनी युक्ती. इंग्लंडात पेनी चालायची, ती चांगली थोराड होती.

निवांत_पुणेकर
आमची आजी कनवटीला पैसे लावायची. म्हणजे ती बॅलेरिना होती. घरच्यांना कळवतो.

फडताळ
आता दुसऱ्या टोकाची उदाहरणं देतो, जिथे कपड्याने नाचाला चारी मुंड्या चीत केलं.

एक, 'शू', १९२१, प्रोकोफिएव्हचं संगीत. कपडे लारिओनोव्ह नावाच्या चित्रकाराचे. फेल्ट, वेताच्या काड्या, ताठ कापड, सगळे कोन बाहेर आलेले. नाचणारे कावले. हात वर गेला तर खांदा वर जात नाही, खांदा गेला तर टोपी पडते अशी अवस्था.

दोन, 'ला शात', १९२७. गाबो आणि पेव्हस्नर हे दोघे भाऊ मूर्तिकार. त्यांनी नेपथ्य आणि कपड्यांचे भाग पारदर्शक सेल्युलॉइडचे केले, खाली जमिनीला काळं चकचकीत ऑइलक्लॉथ. दिवे पडले की लखलख.

तीन, हा बॅले रूसचा नाही, जर्मन आहे. ऑस्कर श्लेमरचा 'त्रिआदिक बॅले', श्टुटगार्ट, ३० सप्टेंबर १९२२. श्लेमर बाउहाउस या जर्मन कलाशाळेतला. नाचणारे तीन, नाच बारा, पोशाख अठरा. त्याने उघडच सांगितलं, आधी पोशाख, मग हालचाल. टुटूच्या (तोच छत्रीसारखा घागरा) जागी तारेची वेटोळी, गोळे, शंकू, कागदाच्या लगद्याचे मुखवटे. त्यात नाचणारा फक्त तेवढंच करू शकतो जेवढं कपडा करू देतो. वळणं, चालणं, हळूच फिरणं. बाहुली जिवंत झाल्यासारखं. त्यातले काही पोशाख अजून श्टुटगार्टच्या संग्रहालयात उभे आहेत, आणि खरं सांगू, नाचणारा आत नसतानाही ते पूर्ण वाटतात.

म्हणजे ताई, इथे कपडे बदलले म्हणून नाच बदलला. तुमच्या प्रश्नाची दोन्ही उत्तरं बरोबर निघायला लागलीत.

निवांत_पुणेकर
तिसरं उत्तर माझं. चित्रकारांना पॅरिसमध्ये मोठी भिंत मिळत नव्हती म्हणून त्यांनी नाचणाऱ्यांच्या अंगावर चित्रं काढून घेतली. पिकासो, मातीस, दरॅं, ब्राक, रुओ, द किरिको. नाचणाऱ्यांना विचारलं कोणी? नाव आणि पैसा चित्रकाराचा, घाम दुसऱ्याचा.

टाकेदोरे
पुणेकर, चेष्टेत बोललात पण वर्मी लागलं. तरी मातीसच्या बाबतीत मी भांडेन. 'नाइटिंगेलचं गाणं', १९२०, त्यातल्या रडणाऱ्यांचा झगा मी फोटोत नीट बघितला. पांढरं फेल्ट, त्यावर गडद निळ्या मखमलीचे त्रिकोण आणि पट्ट्या चिकटवल्यासारख्या. शिंप्याच्या नजरेने सांगते, हा माणूस हुशार. फेल्टचे धागे सुटत नाहीत, काठ दुमडायला नको, कापलं की झालं. जवळून बघाल तर शाळेतलं हस्तकला वाटेल, पण पन्नास फुटांवरून, दिव्यात, ते त्रिकोण चालायला लागतात. त्या अंतरावरून बारीक भरतकाम कोणालाच दिसत नाही, हे पटायला मला दहा वर्षं आणि बरीच फुकटची जरदोजी लागली.

दुसरी गोष्ट. या मंडळींच्या कपड्यांच्या आतल्या बाजूला शाईने नावं लिहिलेली सापडतात. एक खोडून दुसरं, मग तिसरं. एकाच झग्यात किती जणी नाचल्या. म्हणून आत माया भरपूर सोडलेली आणि हुकांच्या रांगा. चित्रकाराचं नाव म्युझियमच्या पाटीवर आणि घालणारीचं अस्तरावर.

जेजेवाला
धागा पॅरिसमध्ये अडकलाय, मुंबईला आणतो. आणि ओढूनताणून नाही.

पाव्हलोव्हा १९२२ च्या अखेरीस आशियाच्या दौऱ्यावर निघाली होती. जपान, चीन, मग कलकत्ता, मुंबई. परत गेल्यावर १९२३ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये तिने दोन भारतीय विषय केले. एक 'अजंठ्याची भित्तिचित्रं' या नावाचा बॅले. नाच इव्हान क्लुस्तीनचा, संगीत चेरेपनिनचं. दुसरं 'ओरिएंटल इम्प्रेशन्स', त्यात हिंदू लग्न आणि राधा-कृष्ण. राधा पाव्हलोव्हा, आणि कृष्ण कोण? उदय शंकर. आमच्या जे.जे.चा विद्यार्थी! १९१८ च्या सुमारास मुंबईत चित्रकला शिकला, मग लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये. नाचाचं रीतसर शिक्षण शून्य.

आता गंमत ऐका. टाकेदोरेताई ज्या म्युझियमचा पडदा बघून आल्या, त्याच म्युझियमकडे अजंठ्याच्या चित्रांच्या नकला आहेत. १८७२ पासून जे.जे.चे ग्रिफिथ्स साहेब विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत मुक्काम ठोकायचे. त्या मुलांनी हाताने केलेल्या कॅनव्हासवरच्या नकला लंडनला गेल्या. १८८५ च्या आगीत पुष्कळ जळाल्या, उरल्या त्या तिथे आहेत. म्हणजे एकाच संग्रहात पिकासोचा पडदा आणि आपल्या पोरांचा अजंठा.

टाकेदोरे
अरे देवा. आणि मी पडदा बघून कॅफेत जाऊन बसले.

चिन्मयी_कथक
जेजेवाला, छान. पण पाव्हलोव्हाचा अजंठा म्हणजे पायाच्या टोकावरचा अजंठा, हेही लक्षात घ्या. कपड्यांच्या बाबतीत ती जुन्या वळणाची होती. दियागिलेव्हकडे क्यूबिझम नाचत होता, हिच्याकडे हंस, फुलपाखरू, चतुर. तिचं मोठेपण दुसरीकडे आहे. उदय शंकरला बॅले शिकायचा होता, तर तिने त्याला तुझ्या घरचं बघ म्हणून परत पाठवलं. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांची गोष्ट तशीच. १९२८-२९ च्या दौऱ्यात त्यांनी मुंबईत पाव्हलोव्हाचा नाच पाहिला, पुढे ऑस्ट्रेलियाला जाताना एकाच बोटीवर गाठ पडली. आधी बॅलेचे धडे घेतले, मग भरतनाट्यमकडे वळल्या.

आणि आमच्या कथकात मेनका. लीला सोखी, नवरा परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचा संचालक. त्यांनी कथकात समूहाची नृत्यनाट्यं बसवली, तीस सालानंतर मंडळी घेऊन युरोप फिरल्या, १९३६ मध्ये बर्लिनच्या नृत्यस्पर्धेत बक्षिसं मिळवली. पुढे खंडाळ्याला शाळा काढली. दमयंती जोशी लहानपणी त्यांच्याच मंडळीत होत्या. खंडाळा म्हटलं की लोकांना भलतंच गाणं आठवतं, मला मेनका आठवतात.

जेजेवाला
एक भर. उदय शंकरने स्वतःची मंडळी घेऊन पॅरिसमध्ये पहिला प्रयोग केला तो मार्च १९३१ मध्ये. थिएटर कुठलं? शाँझेलिझे. जिथे सात वर्षांपूर्वी पोहायचे पोशाख नाचले होते.

रोजची_भाजी
मी या विषयातलं काही कळत नसूनही सगळं वाचलं. पाव्हलोव्हा वारली तेव्हा 'माझा हंसाचा पोशाख तयार ठेवा' म्हणाली, हे खरं का?

फडताळ
जानेवारी १९३१, हेग शहर, फुफ्फुसाच्या आवरणाची सूज. ते वाक्य तिच्या तोंडी घातलं जातं, खरंखोटं त्या खोलीतल्या माणसांना ठाऊक. तिच्या जागी रिकाम्या रंगमंचावर नुसता दिव्याचा झोत फिरवला, हीसुद्धा तेव्हापासून सांगत आलेली गोष्ट. हंसाचा तिचा एक पोशाख लंडनच्या संग्रहालयात आहे.

दियागिलेव्ह त्याआधीच, ऑगस्ट १९२९ मध्ये व्हेनिसला गेला. खिशात काही नव्हतं. अंत्यविधीचा खर्च मिसिया सेर आणि शनेलने केला. तीच पोहायच्या पोशाखवाली.

पिटातला_प्रेक्षक
नाटक कंपनीच्या मालकाचं मरण सगळीकडे सारखंच.

अनुस्वार
लंडनकडे कोणी बघणार आहे का? मेरी राम्बेर, ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही बघा. १९२६ मध्ये तिने फ्रेडरिक ॲश्टन नावाच्या पोराकडून पहिला बॅले बसवून घेतला, 'अ ट्रॅजेडी ऑफ फॅशन'. नायक फॅशनचा मोठा शिंपी. त्याने केलेला पोशाख लोकांना आवडत नाही, म्हणून तो कात्रीने जीव देतो. कपडे सोफी फेडोरोविचचे, आणि तिची ख्याती अशी की कपड्यावरून अनावश्यक ते काढत जायची.

टाकेदोरे
मला दर गॅदरिंगच्या आदल्या रात्री हाच बॅले सुचतो.

निवांत_पुणेकर
ताई, पण नाव लक्षात घ्या, इंग्लंडातल्या नाचणाऱ्यांना तेव्हा इंग्रजी नावाने कोणी विचारत नव्हतं. लिडिया सोकोलोव्हा म्हणजे मूळची हिल्डा मनिंग्ज. अलिशिया मार्कोव्हा म्हणजे लिलियन मार्क्स. अँटन डोलिन, तो पोहणारा पठ्ठ्या, त्याचं आडनाव हीली-के. (हो, मी धागा गंभीरपणे वाचला. कोणाला सांगू नका.) तो कलाबाज्या मारायचा म्हणूनच 'ल त्रँ ब्ल्य' रचला गेला, तो मंडळी सोडून गेल्यावर दियागिलेव्हकडे ते पुन्हा उभंच राहिलं नाही. एवढा शनेल-पिकासो-कॉक्तोचा थाट, आणि सगळं एका माणसाच्या कोलांटउडीवर टांगलेलं.

मेघना_बोस्टन
पुणेकर, हे तुम्ही लिहिलंत यावर विश्वास बसत नाही. +१.

आता मूळ प्रश्नाकडे. टाकेदोरेताई, तुमची पकडीची शंका माझ्या डोक्यातून जाईना. काल वर्गानंतर प्रयोग केला. आमच्याकडे उचलायला शिकवणारा एक दादा आहे, सहा फूट. आधी नेहमीच्या घट्ट पोशाखात कमरेला धरून उचललं. ठीक. मग मी वरून नवऱ्याचा विणलेला लोकरी स्वेटर घातला, कमरेला पट्टा बांधला, जरा तरी पोहायच्या पोशाखासारखं दिसावं म्हणून. त्याने उचललं. स्वेटर वर गेला, मी खाली राहिले. दुसऱ्या वेळी त्याने बरगड्यांपाशी मुठीत लोकरच पकडली, तेव्हा उचललं गेलं, पण उतरताना त्याचा हात विणीत अडकला आणि आम्ही दोघं आरशावर गेलो. कोणाला लागलं नाही. स्वेटरचं भोक नवऱ्याला अजून दाखवलेलं नाही.

एक मात्र कळलं. त्या कपड्यात मी आपोआपच तरंगणाऱ्या, लांब हात केलेल्या मुद्रा टाळायला लागले. गुडघे वाकवून, जमिनीलगत, झटक्याने हलायला सोपं जात होतं. खेळाच्या मैदानावर हलतो तसं. निजिन्स्काने टेनिस आणि पोहणं निवडलं, ते विषय म्हणून की कपड्यात तेवढंच होणार होतं म्हणून?

चिन्मयी_कथक
तिने विषय निवडलाच नव्हता, तो कॉक्तोचा होता. पण हालचाल तिची. म्हणजे कपडे आले, आणि तिने त्यातून नाच काढला. 'ले नोस'मध्ये मी सांगितलं त्याच्या बरोब्बर उलट. एकाच बाईने, एका वर्षाच्या अंतराने. माझं मत अर्धं मागे.

फडताळ
इथे सगळे अर्धंच मागे घेतात.

टाकेदोरे
मेघना, तू धन्य आहेस. स्वेटर मला पाठव, रफू करून देते.

आणि तोडगा सांगते, शनेलबाईंना उशीर झाला तरी. लोकरीच्या आत घट्ट सुती चोळी शिवायची, बाजूच्या कळ्या उरेब (म्हणजे धाग्याला तिरक्या) कापायच्या म्हणजे श्वासाबरोबर ताण देतात, आणि विण त्या चोळीला कमरेपाशी आतून टाचून टाकायची. धरणाऱ्याच्या हाताला विण लागेल, पण पकड बसेल चोळीवर. मग मला कळलं की हेच उरेब कापड बॅलेच्या चोळीत घालण्याबद्दल कारिन्स्का नावाच्या बाईचं नाव घेतात. खारकिव्हची, क्रांतीनंतर पॅरिसला आली, १९३२ मध्ये मोन्ते कार्लोच्या नव्या मंडळीसाठी 'कोतियों'चे कपडे शिवले. रेखाटन बेरारचं, शिवण हिची. चित्रकार कागदावर काढून मोकळा झाला, तो कागद अंगावर उभा करणारी ही. पुढे न्यूयॉर्कला नाच बसवणाऱ्या बालांशीनकडे तिने कितीतरी वर्षं काढली.

गुरुवारी एका मुलीचं माप घ्यायचंय, अरंगेत्रमचा पोशाख. चोळीच्या बाजू उरेब कापून बघते. आई विचारेल कापड जास्त का लागलं, तर तिला या धाग्याची लिंक देईन.

गण्या_डोंबिवली
मामेबहिणीने अनब्लॉक केलं. विचारतेय, खळ मैद्याची की साबुदाण्याची?